शेवटची तारीख एकच, म्हणून काय झालं?

टर्मिनल डिस्क्लेमर हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा कागद. अमेरिकन पेटंट कार्यालयाचा छापील नमुना असतो. त्यात दोन-चार नंबर भरायचे, सही करायची, दोनशे डॉलरच्या आत बसणारी फी भरायची आणि पुढची फाइल उघडायची. मी पुण्यात बसून अमेरिकन पेटंट-अर्जांचं काम करते, त्यातही फोन आणि आवाजाच्या तंत्रज्ञानाचं जास्त. या कागदाबद्दल माझं मत कुणी विचारलं असतं, तर त्यात मत असण्यासारखं काय आहे, असं मीच उलट विचारलं असतं. आता मत आहे. ते माझ्या पोटापाण्याच्या विरोधात जाणारं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेटंट हा सौदा आहे. शोध उघड करायचा, त्या बदल्यात ठरावीक वर्षं इतरांना रोखायचा हक्क मिळवायचा, आणि मुदत संपली की शोध सगळ्यांचा. अमेरिकेत ही मुदत आता मूळ अर्जापासून वीस वर्षं आहे. ८ जून १९९५ पूर्वीच्या अर्जांवरच्या पेटंटांना मंजुरीपासून सतरा वर्षं मिळू शकत. आता एखाद्याने त्याच शोधावर शब्दांची थोडी फिरवाफिरव करून दुसरं, उशिरा संपणारं पेटंट मिळवलं, तर सौदा मोडला. याला डबल पेटंटिंग म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९४ मध्येच त्याला नकार दिलेला आहे. हुबेहूब तोच शोध असेल तर कायदाच आडवा येतो. पण दुसरा शोध म्हणजे पहिल्याचंच कुणालाही सुचेल असं रूप असेल, तर कायद्यात तसं कलम नाही. तिथली मनाई न्यायाधीशांनी निकालांमधून उभी केलेली आहे. तिच्यातून सुटायची वाट म्हणजे हा कागद. दुसरं पेटंट पहिल्याबरोबर त्याच दिवशी संपेल आणि दोन्हींचा मालक एकच राहील, असं लिहून द्यायचं. एक्झामिनर हरकत मागे घेतो.

हे शिकवताना सगळे १९७० चा व्होगेल खटला सांगतात. मांस टिकेल अशा रीतीने पॅक करायची पद्धत होती. आधीचं पेटंट डुकराच्या मांसाचं. नंतरच्या अर्जात काही दावे (दावा म्हणजे हक्क नेमका कशावर, हे सांगणारं वाक्य) नुसत्या ‘मांसा’वर आणि एक गोमांसावर. न्यायालयाने म्हटलं, मांसात डुकराचं मांस आलंच, तेव्हा ते दावे दुहेरी. गोमांसही तसंच खराब होतं असा पुरावा मात्र समोर नाही, म्हणून तो दावा चालेल. शुद्ध शाकाहारी घरात वाढलेली मी ही गोष्ट ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मोठ्या चवीने सांगत आले आहे.

फोनच्या शोधांत याच प्रश्नाला जास्त पीळ पडतो. समजा, पहिल्या पेटंटात ‘कॉल करणाऱ्याने दाबलेला आकडा’ असं आहे आणि दुसऱ्यात ‘कॉल करणाऱ्याने दिलेली माहिती’. हे सरळसरळ मांसाचं प्रकरण. पण दुसऱ्यात ‘कॉल करणाऱ्याने उच्चारलेला शब्द’ असेल तर? १९८५ मध्ये दाबलेला आकडा ओळखणं सोपं होतं, बोललेला शब्द ओळखणं महाकठीण. आज शब्द ओळखणारी तयार प्रणाली महिन्याच्या भाड्याने मिळते. कुठल्या सालच्या जाणकाराला विचारता, त्यावर उत्तर बदलतं. एवढ्या वादात एक्झामिनरला पडायचं नसतं आणि क्लायंटलाही नसतं. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये सांगून ठेवलं आहे की टर्मिनल डिस्क्लेमर दिला म्हणजे ‘माझा दुसरा शोध उघड होता’ अशी कबुली दिली असं होत नाही. मग कोण भांडेल? कागद जातो, हरकत मिटते.

अनेक वर्षं मी या व्यवस्थेची बाजू घेत होते, आणि त्यामागे विचार होता. लोकांचं नुकसान कधी होतं? मुदत लांबली तर. सगळ्या पेटंटांची शेवटची तारीख एकच असेल, तर ती दोन असोत की वीस, त्या तारखेनंतर शोध मोकळा. शिवाय पहिल्या अर्जात सगळं नेमकं मांडता येतंच असं नाही. एक्झामिनर रुंद दावा फेटाळतो, हातात पैसा नसलेला संशोधक मिळेल तो अरुंद दावा घेतो आणि उरलेल्यासाठी कंटिन्युएशन टाकतो, म्हणजे जुन्याच वर्णनावर नवा अर्ज. ही सोय लहान माणसाला वाचवते, असं मी म्हणत असे. आजही तेवढा भाग मला पटतो.

मे २०२४ मध्ये अमेरिकन पेटंट कार्यालयाने एक प्रस्ताव मांडला. टर्मिनल डिस्क्लेमर देणाऱ्याने आणखी एक अट मान्य करायची: या कागदाने जोडलेल्या पेटंटांपैकी एकाचाही दावा जुन्या ज्ञानापुढे टिकला नाही आणि तसा निर्णय अंतिम झाला, तर हे पेटंटही बजावता येणार नाही. आमच्या वर्तुळात आरडाओरडा झाला. मीही चढ्या आवाजात सांगत होते की प्रत्येक दाव्याची स्वतंत्र पारख व्हायला हवी, एकाच्या पापाची शिक्षा शेजाऱ्याला कशी? डिसेंबर २०२४ मध्ये कार्यालयाने तो प्रस्ताव मागे घेतला आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला.

त्यानंतर एका छोट्या पुणेरी कंपनीचं काम माझ्याकडे आलं. कॉल सेंटरवर येणारे फोन उचलणारा, ग्राहकाशी बोलणारा आणि गरज पडली तरच माणसाकडे कॉल देणारा सहायक त्यांनी बनवला होता; अमेरिकेत गिऱ्हाईक मिळू लागलं होतं. तिकडून एक नोटीस आली. तिच्यात एकाच कुटुंबातल्या पेटंटांची लांबलचक यादी. मी एरवी पेटंट काढून देणाऱ्यांच्या बाजूला. या वेळी टेबलाच्या पलीकडे बसले होते. यादी चाळून मी धीर द्यायच्या सुरात सांगितलं, की यातल्या बहुतेकांवर टर्मिनल डिस्क्लेमर आहेत, म्हणजे ती सगळी एकाच दिवशी संपतात.

त्यांच्या इंजिनिअरने साधा प्रश्न विचारला. “मॅडम, म्हणजे ही सगळी एकाच गोष्टीची रूपं आहेत, असं त्यांनीच मान्य केलंय ना? मग एक वाचलं की झालं.”

“नाही हो. प्रत्येक वाचावं लागेल. प्रत्येकातला प्रत्येक दावा.”

“आणि एक खोटं ठरवलं तर?”

“तर एक गेलं. बाकीची उभीच.”

तो काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीने हिशेब केला आणि ते फीचर अमेरिकन ग्राहकांसाठी बंद ठेवलं. त्या पेटंटांत दम होता की नव्हता, हे कुणी तपासलंच नाही. तपासायला परवडणारं नव्हतं.

त्या रात्री मी इन रे कॅट्झ हा २०११ चा निकाल पुन्हा काढून वाचला. आधी वाचला होता तो ‘मीन्स-प्लस-फंक्शन’ दाव्यांसाठी, म्हणजे संगणकाचं नुसतं काम सांगितलं आणि ते करायची रीत सांगितली नाही तर दावा कधी पडतो, त्यासाठी. आमच्या धंद्यात तो तेवढ्यासाठीच वाचला जातो. या वेळी सुरुवातीचीच पानं वाचली.

रोनाल्ड कॅट्झ हे कुणी भुरटे नव्हेत. १९६१ मध्ये टेलिक्रेडिट ही कंपनी उभी करणाऱ्यांपैकी ते एक. दुकानात आलेला चेक वटेल की नाही हे फोनवरून लगेच कळवणारी सेवा त्यांनी चालवली. जुलै १९८५ मध्ये त्यांनी एक अर्ज दाखल केला. माणूस फोन लावतो, पलीकडे संगणक उत्तर देतो, बटणं दाबून दिलेली माहिती साठवतो, कोणत्या नंबरवर आणि कोणत्या नंबरवरून कॉल आला हे पाहतो, स्पर्धेचे विजेते निवडतो, आकडेमोड करतो. आज ‘मराठीसाठी दोन दाबा’ ऐकून आपण ज्याला वैतागतो, त्याच घराण्यातली ही चीज. त्या कुळातलं एक पेटंट डिसेंबर १९८८ मध्ये मिळालं. मग कंटिन्युएशनवर कंटिन्युएशन. २००० सालानंतरही पेटंटं निघत राहिली, संख्या पन्नासच्या आसपास गेली, आणि त्यातल्या कित्येकांची तर शीर्षकंही एकच. मधल्या काळात बँका, विमान कंपन्या, औषधं घरपोच देणारे, वीज कंपन्या, सगळ्यांनी फोनवर यंत्र बसवलं होतं. सगळ्यांना पत्रं गेली. बहुतेकांनी मुकाट परवाना घेतला.

ज्यांनी घेतला नाही त्यांच्यावरचे खटले २००७ पासून कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल न्यायालयात एकत्र चालले. आकडे असे: ३१ पेटंटं, १,९७५ दावे, १६५ प्रतिवादी, त्यांचे पन्नास गट. एक लक्षात घ्या, १९८८ च्या पेटंटाची सतरा वर्षं डिसेंबर २००५ मध्येच भरली होती. पण अमेरिकन कायद्यात मागच्या सहा वर्षांची भरपाई मागता येते, त्यामुळे मेलेल्या पेटंटावरही खटला भरता येतो.

न्यायाधीशांनी हात टेकले नाहीत, कात्री लावली. प्रत्येक गटाविरुद्ध आधी चाळीसपर्यंत दावे निवडा, कागदपत्रं तपासून झाली की सोळावर या, आणि सगळ्यांविरुद्ध मिळून चौसष्टच्या वर जाऊ नका. एखादा वगळलेला दावा खरोखर वेगळा मुद्दा उभा करतो असं दाखवता आलं, तर तो घालायची मुभा होती. कॅट्झ अपिलात गेले: प्रत्येक दावा ही माझी स्वतंत्र मालमत्ता, ती न ऐकता कशी काढून घेता? अपील न्यायालयाने कात्री कायम ठेवली. पेटंटं एकाच मुळाची आहेत, त्यांवर टर्मिनल डिस्क्लेमर आहेत, पुष्कळ दावे एकमेकांची नक्कल आहेत, ही खालच्या न्यायालयाची निरीक्षणं त्याने विचारात घेतली. आणि वगळलेला अमुक दावा वेगळा आहे असं कॅट्झ यांनी दाखवलंच नव्हतं. बाकीच्या मुद्द्यांवर निकाल मिश्र लागला, काही दावे अस्पष्ट म्हणून पडले, काही पुन्हा विचारासाठी खाली गेले.

या निकालाने माझं मत फिरवलं, कारण तो मुदतीबद्दल नाही. १,९७५ मधल्या १,९११ दाव्यांशिवाय वाद चालवता आला, आणि एकही हुकमी वेगळा म्हणून पुढे आला नाही. मग ते दावे इतकी वर्षं करत काय होते? पत्राची यादी लांब करत होते. वकिलाच्या तासांचा आकडा फुगवत होते. माझ्या पुणेरी कंपनीसारख्या कित्येकांना ‘परवाना घे आणि मोकळा हो’ म्हणत होते. एखाद्याच्या एकाच तुकड्याचे तीस सातबारे निघावेत, सगळे एकाच दिवशी रद्द होणार आहेत असं तलाठ्याने आश्वासन द्यावं, आणि तोवर तिसांवरही वेगवेगळा दावा लढायला सांगावं, तसा हा प्रकार. आश्वासन खोटं नाही, पण माझी अडचण तारखेची नव्हतीच.

हिशेबच मांडते. पेटंट मालकाला हरकत मिटवायला एका टर्मिनल डिस्क्लेमरची फी दोनशे डॉलरच्या आत. २०१२ पासून पेटंट कार्यालयातच पेटंटाला आव्हान द्यायची इंटर पार्टीज रिव्ह्यूची सोय आहे. २०२५ च्या दरांनी एका पेटंटासाठी तिची नुसती सरकारी फी पन्नास हजार डॉलरच्या वर जाते. वकील आणि तज्ज्ञ वेगळे. दोनशे विरुद्ध पन्नास हजार, आणि तेही दर पेटंटामागे. मी भरत असलेल्या त्या कंटाळवाण्या कागदाची दुसरी बाजू ही होती. न्यायालयात पोहोचलेल्याला निदान कात्री मिळते. पत्रापाशीच थांबलेल्याला ती मिळत नाही.

या बाबतीत न्यायालयांचं लक्ष अजूनही घड्याळाकडे आहे. ऑगस्ट २०२३ च्या सेलेक्ट निकालात कार्यालयीन विलंबापोटी वाढून मिळालेले दिवससुद्धा डबल पेटंटिंगच्या हिशेबात धरले गेले आणि पेटंटं पडली. पुढच्याच ऑगस्टमध्ये हैदराबादच्या एमएसएन लॅबोरेटरीजविरुद्धच्या अ‍ॅलर्गन खटल्यात त्याला मुरड घातली गेली: कुटुंबातलं सगळ्यात आधी दाखल झालेलं आणि आधी मिळालेलं पेटंट, नंतरच्या भावंडांमुळे पडणार नाही. दोन्ही निकाल वाचनीय आहेत, दोन्हींत प्रश्न एकच, कोण कधी संपतं. किती आहेत, हा प्रश्न तिथे कुणी कुणाला विचारलेलाच नाही.

तेव्हा २०२४ च्या त्या प्रस्तावाबद्दल आज मी काय म्हणेन? तो धसमुसळा होता. एका रुंद दाव्याच्या पडण्याने शेजारचा अरुंद आणि प्रामाणिक दावाही निकामी व्हावा, हे मला अजून पटत नाही. पण मूळ सूत्र बरोबर होतं: दोन गोष्टींत फरक नाही असं वागून कार्यालयाकडून सवलत घ्यायची आणि न्यायालयात त्याच दोन गोष्टी वेगळ्या म्हणून दोनदा लढवायच्या, हे चालू नये. मी सुचवेन ती दुरुस्ती लहान आहे. टर्मिनल डिस्क्लेमरने बांधलेली पेटंटं आव्हानासाठी एक धरावीत; एक अर्ज, एक फी, आणि वेगळेपण सिद्ध करायचा भार मालकावर. कॅट्झ खटल्यात न्यायाधीशांनी जे केलं तेच, फक्त न्यायालयात पोहोचण्याआधी. जानेवारी २०२५ पासून उशिराच्या कंटिन्युएशनवर जादा फी लागते, पहिल्या तारखेपासून सहा वर्षांनी २,७०० आणि नऊ वर्षांनी ४,००० डॉलर. मोठ्या कंपनीला हा चहापाण्याचा खर्च आहे. माझा जुना लाडका लहान संशोधकच त्याने अडतो.

आपल्याकडच्या कायद्याबद्दलही माझं बोलणं बदललं आहे. भारतात टर्मिनल डिस्क्लेमर नावाची चीजच नाही. १९७० च्या कायद्याचं कलम ४६ म्हणतं, एका शोधाला एक पेटंट. कलम १६ खाली विभागलेला अर्ज टाकता येतो, पण एकातला दावा दुसऱ्यात येऊ नये हे पाहायचा अधिकार कंट्रोलरला आहे. मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयातून विभागलेला अर्ज परत आला की मी पूर्वी चरफडायचे; अमेरिकेत हेच सहज मिळतं, आपले लोक कंजूस, असं क्लायंटला सांगायचे. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या मधुमेहावरच्या औषधाबाबत एका शोधाला एकच पेटंट असं बजावलं, तेव्हाही मला तो कडकपणा वाटला होता. आता तोच कडकपणा मला हवासा वाटतो. मात्र ऑक्टोबर २०२३ च्या सिंजेंटा निकालाने आणि २०२४ च्या नियमांनी विभागलेल्या अर्जांची वाट बरीच रुंद केली आहे. शोधांचं अनेकपण दाव्यांतच दिसायला हवं असं नाही, वर्णनात असलं तरी पुरे. आमच्या धंद्याला बरकत येईल. फोन उचलणारे, बोलणारे, समजून घेणारे सहायक आता घरोघर बनताहेत, आणि एका वर्णनातून दहा अर्ज काढायला आमच्यासारखे हुशार लोकही तयार आहेत.

मी हे काम सोडलेलं नाही. टर्मिनल डिस्क्लेमर आजही भरते. फक्त कंटिन्युएशन टाकायच्या आधी क्लायंटला विचारते, की मागच्या पेटंटाने जे थांबत नाही असं नेमकं काय या नव्याने थांबणार आहे? उत्तर नसेल तर अर्ज लिहीत नाही. काही जण दुसरीकडे गेले.

आणि तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा नाशकात बसून असला सहायक बनवत असाल आणि उद्या तिकडून यादी आली, तर संख्येला घाबरू नका. प्रत्येक पेटंटाची फाइल अमेरिकन कार्यालयाच्या संगणकावर फुकट बघायला मिळते. तिच्यात टर्मिनल डिस्क्लेमर शोधा, तो कुठल्या पेटंटाला बांधला आहे ते लिहून काढा आणि त्या पेटंटाची मुदत तपासा. मग मालकी तपासा. बांधलेली दोन पेटंटं आज वेगवेगळ्या मालकांकडे असतील, तर जोवर ती तशी आहेत तोवर डिस्क्लेमर दिलेलं पेटंट कुणालाच बजावता येत नाही. त्या कंटाळवाण्या कागदातलं हे एक वाक्य तुमच्या उपयोगाचं आहे.